हिट संगीत नाटक कोण घडवतं? ब्रॉडवे, बालगंधर्व आणि आपली झाडीपट्टी

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा जमेल तेवढी तशीच ठेवली आहे.)

नागपूरच्या गाडीत इअरफोन लावून बसलेले, बागेत ओलीत करता करता ऐकणारे, अन् रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत.

आज सुरुवात एका आकड्याने करू. तेरा हजार नऊशे एक्क्याऐंशी. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर, मॅजेस्टिक नावाच्या एकाच थिएटरमधे, 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या एकाच संगीत नाटकाचे इतके प्रयोग झाले. २६ जानेवारी १९८८ ला सुरू झालेलं नाटक १६ एप्रिल २०२३ ला थांबलं. पस्तीस वर्षं! लहानपणी आईवडिलांसोबत ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी पुढे आपली पोरं नेऊन त्यांना दाखवलं. त्या एका थिएटरमधेच दोन कोटींच्या आसपास लोकांनी ते पाहिलं, आणि जगभरचे धरले तर चौदा कोटींच्या वर. 'द लायन किंग'चे जगभरातले प्रेक्षकसुद्धा दहा कोटींच्या पुढे गेलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, "बाप्पा, नरखेडात बसून आपल्याला ब्रॉडवेचं काय करायचं?" आपला तालुका संत्र्या-मोसंबीचा, कापसाचा. एका बाजूला वर्धा नदी आणि पलीकडे अमरावती जिल्हा, दुसऱ्या बाजूला पांढुर्णा आणि मध्य प्रदेश. मोठ्या थिएटरात नाटक पाहायचं तर नागपूर गाठायचं, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

पण आजचा प्रश्न आपल्याही कामाचा आहे. एखादं गाण्याचं नाटक हिट होतं म्हणजे नेमकं काय होतं? गाणी चांगली असतात म्हणून हिट होतं, हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. चांगली गाणी असलेली कितीतरी नाटकं दहाव्या प्रयोगाला झोपली. माझं म्हणणं असं, की नाटकापर्यंत प्रेक्षकाला आणणारी, किंवा प्रेक्षकापर्यंत नाटकाला नेणारी एक व्यवस्था असावी लागते. ती उभी राहिली की नाटक चालतं, ती मोडली की नाटक बसतं. हे तपासायला आपल्याला दूर जायची गरज नाही. गेल्या दीडशे वर्षांतलं मराठी संगीत नाटक पाहिलं तरी पुरे.

ब्रॉडवेचं गणित

आधी त्या परदेशी आकड्यांमागचं गणित समजून घेऊ. ब्रॉडवेवर साधारण आठवड्याला आठ प्रयोग होतात. मॅजेस्टिक थिएटरमधे सोळाशेच्या आसपास खुर्च्या. पस्तीस वर्षं रोज ह्या खुर्च्या भरायला माणसं कुठून आणायची? न्यू यॉर्कचेच लोक तेच नाटक किती वेळा पाहतील?

तर करोनाआधीच्या हंगामांत ब्रॉडवेच्या प्रेक्षकांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोक बाहेरगावचे, पर्यटक होते. म्हणजे तिथे नाटक गावोगावी फिरायची गरज कमी. गावंच फिरत फिरत नाटकाकडे येतात. विमान, हॉटेल, तिकीट, सगळं एका सहलीत बसतं. आग्र्याला गेलेला माणूस ताजमहाल पाहून येतो, तसा न्यू यॉर्कला गेलेला माणूस 'फँटम' पाहून यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे नक्कल. लंडनच्या प्रयोगात जे झुंबर, जे कपडे, ज्या हालचाली, त्याच जशाच्या तशा दुसऱ्या देशात उभ्या करायच्या. नट बदलतील, भाषाही बदलेल, नाटक मात्र तेच. लंडनमधे १९८५ साली आलेलं 'ले मिझराब्ल' असंच पन्नासहून जास्त देशांत आणि वीसहून जास्त भाषांत गेलं. गंमत म्हणजे सुरुवातीला अनेक समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं होतं. लोक मात्र तिकीट खिडकीवर आले ते येतच राहिले.

आणि तिसरी गोष्ट. 'फँटम' बंद का झालं? करोनानंतर आठवड्याचा खर्च वाढला आणि तिकिटं पूर्वीसारखी खपेनात. गाणी तीच होती, झुंबरही तेच होतं. नाटक बंद होणार असं जाहीर झाल्यावर मात्र तिकिटांवर अशा उड्या पडल्या, की शेवटची तारीख फेब्रुवारीतून एप्रिलवर न्यावी लागली. म्हणजे प्रेम आटलं नव्हतं. रोजच्या रोज सोळाशे खुर्च्या भरणारी यंत्रणा थकली होती.

हे लक्षात ठेवा, कारण अगदी हाच प्रकार आपल्याकडे त्याच्या नव्वद वर्षं आधी होऊन गेला होता.

लखनौ ते जावा, व्हाया मुंबई

संगीत नाटक जगभर जाणं ही फक्त गोऱ्यांची गोष्ट आहे असं समजू नका. लखनौच्या अमानत नावाच्या शायराने १८५०च्या दशकात 'इंदरसभा' हे उर्दू नाटक लिहिलं. इंद्राचा दरबार, पऱ्या, एक राजपुत्र, आणि गाणीच गाणी. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी ते उचललं. हे शेठ लोक पक्के व्यापारी. पडदे, रोषणाई, ट्रिक सीन, तिकिटं, जाहिराती, सगळं त्यांनी पद्धतशीर केलं. आगगाडीने देशभर फिरले आणि बोटीने रंगून, सिंगापूर, जावापर्यंत गेले. मलाया भागातले लोक ह्या खेळांना 'वायांग पारसी' म्हणायला लागले, आणि तिथल्या 'बांगसावान' नावाच्या गाण्याच्या नाटकावर त्याची छाप पडली. म्हणजे ब्रॉडवेचा डंका वाजायच्या कितीतरी आधी हिंदुस्थानातलं एक संगीत नाटक समुद्र ओलांडून गेलं होतं. पुढे १९३२ साली त्यावर बोलपट निघाला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती!

आता मराठीकडे या. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं, ती मराठी नाटकाची सुरुवात धरतात. त्यात गाणं होतं, पण ते बहुतेक सूत्रधार गायचा. बेळगावकडचे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते. पुण्यात त्यांनी पारशी कंपनीचा 'इंदरसभा'चा खेळ पाहिला आणि मनात घेतलं, की असं मराठीत व्हायला पाहिजे, असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. कालिदासाची गोष्ट, आणि पात्रं स्वतः गातात! पूर्ण नाटकात दोनशेच्या वर पदं. आज आपण तीन तासांच्या सिनेमात सहा गाणी आली तरी मोबाईल काढतो. तेव्हा लोक दोनशे पदं ऐकायला रात्रभर बसत, आणि वर 'वन्स मोअर' मागत.

मग १८८२ ला 'सौभद्र' आलं. अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची ती गोष्ट आजही रंगमंचावर येते. विचार करा, सव्वाशेहून जास्त वर्षं जिवंत असलेलं नाटक. प्रयोगांची मोजणी कोणी ठेवली असती तर आकडा काय निघाला असता!

गाडीच्या डब्यातला संसार

ही नाटकं गावोगावी गेली कशी? कंपनीमुळे. तेव्हाची नाटक कंपनी म्हणजे चालतंफिरतं गाव. नट, गवई, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, सारंगिये, पडदे रंगवणारे, शिंपी, आचारी, हिशेब ठेवणारे. सगळे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. एका गावी मुक्काम, दहा-पंधरा खेळ, मग सामान बांधून गाडीने पुढच्या गावी. मुंबईहून भुसावळमार्गे रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती. त्या लोहमार्गाने कापूस मुंबईला गेला आणि मुंबई-पुण्याचं नाटक वऱ्हाड-नागपूरकडे आलं.

इकडे रसिकही तयारच होते. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? दादासाहेब खापर्डे. टिळकांचे जवळचे सहकारी, मोठे वकील, आणि गाव अमरावती. आपल्या वर्धा नदीच्या पलीकडचं. म्हणजे नाटकाच्या दुनियेत आपला भाग कोपऱ्यात उभं राहून बघणारा नव्हता, पुढच्या रांगेत होता.

त्याच १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत सतरा वर्षांचा एक मुलगा आला. नारायण श्रीपाद राजहंस. लोक त्याला बालगंधर्व म्हणत, हे नाव लोकमान्यांनी दिल्याचं सांगतात. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करायचे. पण बालगंधर्वांची शकुंतला, भामिनी, रुक्मिणी पाहायला बायका यायच्या, आणि त्यांची साडी नेसायची पद्धत, केसांतली फुलं, दागिने घरी जाऊन तसंच करून पाहायच्या. बाजारात त्यांच्या नावाच्या वस्तू निघाल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर भाऊ इन्फ्लुएन्सर होते, रील्स यायच्या शंभर वर्षं आधी.

१२ मार्च १९११ ला 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. प्रेक्षक आलेत, त्यांचा हिरमोड नको, म्हणून रंग लावून उभे राहिले. ही गोष्ट मोठेपणाची म्हणून आपण नेहमी ऐकतो. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढ्या मोठ्या कंपनीचं पोट त्या रात्रीच्या खेळावर होतं. हिट नाटकाची किंमत नटाने अशीही मोजलेली असते.

१९१३ साली बालगंधर्वांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर', 'एकच प्याला' अशी नाटकं झाली. ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसायची, त्यामुळे रंगमंचावर अर्धा तास चालणारं पद कापून छोटं व्हायचं. पण ज्या गावात कंपनी कधी गेली नाही, तिथे आवाज पोचला. माणूस न येता त्याचं गाणं घरात येतं, ही गोष्ट तेव्हा जादूच होती.

आणि मग ८ जुलै १९२१. मुंबईत 'संयुक्त मानापमान'. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर: बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. निमित्त टिळक स्वराज्य फंडाला पैसे जमवण्याचं. आजच्या दोन सगळ्यात मोठ्या स्टार लोकांनी एकाच सिनेमात यावं, तसा तो प्रकार. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले, ऐन तारुण्यात. त्यामुळे त्या प्रयोगाची आठवण आणखीच मोठी होत गेली.

१९३१ नंतर काय झालं

१९३१ ला 'आलम आरा' आला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट. १९३२ ला 'अयोध्येचा राजा', मराठीतला. सगळे म्हणतात सिनेमाने संगीत नाटक मारलं. हे खरं आहे, पण कसं मारलं ते पाहा.

सिनेमाला गाणं चोरावं लागलं नाही. गाणं त्याने नाटकाकडूनच घेतलं, गाणारेही घेतले. सिनेमाने काढून घेतली ती प्रवासाची गरज. एक पेटी रिळं गाडीत टाकली की शो सुरू. आचारी नको, शिंपी नको, पन्नास-शंभर माणसांचा मुक्काम नको. तिकीट स्वस्त. कंपनीवाल्यांचा खर्च मात्र तोच. बालगंधर्वांना उंची वस्तू लागत. खरे दागिने, भारी साड्या, अत्तरं. रंगमंचावर खोटं काही चालायचं नाही त्यांना. कर्ज आधीच डोक्यावर होतं. १९३५ साली ते स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत दिसले. पण पडद्यावर त्यांना करमलं नाही, ते परत नाटकाकडे आले. तोवर ती आगगाडीवर चालणारी दुनिया विस्कटत चालली होती.

आता 'फँटम' आठवा. गाणी तीच, प्रेमही तेच, पण रोजच्या खुर्च्या भरणारी व्यवस्था थकली. नव्वद वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी एकच गोष्ट घडली.

गाणं नागपूरचं, प्रयोग मुंबईचा

बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला गेले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला एका नव्या संगीत नाटकाचा पडदा उघडला: 'कट्यार काळजात घुसली'. दोन गवयांची, दोन घराण्यांची, मत्सराची आणि गाण्यावरच्या वेड्या प्रेमाची गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेकांनी २०१५चा सिनेमा पाहिला असेल. पण मूळ नाटक कोणाचं?

लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. नागपूरचे. तिथल्या रंजन कला मंदिर या संस्थेतून त्यांनी वर्षानुवर्षं नाटकं केली, पोरं घडवली, सगळे त्यांना 'मास्तर' म्हणायचे. आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत कोण? डॉ. वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, अकोला जिल्ह्यातला. बालपण नागपुरात. पहिलं गाणं तिथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. पुढे पुण्यात कितीतरी वर्षं सरकारी हिशेबाच्या खात्यात नोकरी करत करत गायले. कलाकार म्हणून देशाने त्यांना खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतलं ते 'कट्यार'मुळे, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

संगीत होतं जितेंद्र अभिषेकींचं, आणि नाटक रंगमंचावर आणलं मुंबईच्या नाट्यसंपदा या संस्थेने, म्हणजे प्रभाकर पणशीकरांनी. अभिषेकींनी काळ ओळखला होता. दोनशे पदं ऐकायला आता कोणाला वेळ नव्हता. गाणी मोजकी आणि आटोपशीर ठेवली, आणि गोष्टच गवयांची असल्याने गाणं ओढूनताणून आणलंय असं वाटत नव्हतं. त्यात आकाशवाणी घराघरात पोचलेली. नाटक न पाहिलेल्या माणसालाही ती पदं पाठ झाली. पुढे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी तेच नाटक पुन्हा उभं केलं, आणि सिनेमाने ते आपल्या पिढीच्या मोबाईलमधे आणून सोडलं.

इथे मला एक गोष्ट टोचते. लिहिणारा विदर्भाचा, गाणारा विदर्भाचा. पण नाटकाला हिट करणारी सगळी यंत्रणा मुंबई-पुण्याची. निर्माता तिकडे, थिएटरं तिकडे, शनिवार-रविवारी तिकीट काढणारा नोकरदार प्रेक्षक तिकडे. आपण नेहमी म्हणतो, "आपल्याकडे टॅलेंट आहे पण संधी नाही." 'संधी' हा शब्द फार गुळमुळीत आहे हो. आपल्याकडे नव्हती ती प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा आणणारी व्यवस्था.

पण थांबा. खरंच नव्हती का?

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला

नागपूर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यापुढे आणा. पश्चिमेच्या टोकाला आपण, नरखेड-काटोल. आता पूर्वेला जा. उमरेड, भिवापूर, कुहीच्या पुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. धानाचा आणि जंगलाचा मुलूख. झाडी म्हणजे जंगल, म्हणून हा भाग झाडीपट्टी. तिथे आजही, २०२०च्या दशकात, लोक थंडीत शाल पांघरून रात्रभर नाटक पाहतात. तिकीट काढून!

ते कसं चालतं ते ऐका. दिवाळीच्या सुमाराला धान निघतं. हातात पैसा येतो, कामाला थोडी उसंत मिळते. भाऊबीजेनंतर हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, कंपनीला ठरलेली रक्कम देतं, गावात मंडप टाकतं आणि तिकिटं विकतं. तोटा झाला तर मंडळाचा, फायदा झाला तरी मंडळाचा. दिवसा शंकरपट किंवा मंडई, रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना आवर्जून निरोप जातो, आणि त्या दोन दिवसांत सोयरिकीही जुळतात. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. वाजवणारे समोर बसून वाजवतात, नट स्वतः गातात, मधे लावणी, मधे विनोदी पात्राचा धुमाकूळ.

शहरातले लोक याला कधी कधी नाक मुरडतात. भडक आहे, ढोबळ आहे म्हणतात. पण पाहा ना, ब्रॉडवेवर पर्यटकांची सहल जे काम करते, तेच काम इथे पाहुण्यांची ये-जा करते. नाटक पाहणं हा सणाचा भाग आहे. म्हणून खुर्च्या भरतात. खरं तर खुर्च्या कसल्या, ताडपत्री आणि चटया भरतात!

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपटही थांबले. पुढे २०२१च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली. त्या मधल्या वर्षांत पट नव्हते तरी नाटक थांबलं नाही. करोनाने मात्र हंगामच बुडवला आणि या नाटकांवर पोट असलेल्या माणसांचे हाल झाले. आणि २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना झाडीपट्टी हा शब्द माहीत नव्हता, त्यांनी त्या दिवशी गुगल केलं.

मग आपल्याकडे का नाही?

एकाच जिल्ह्याच्या पूर्वेला एवढी मोठी रंगभूमी, आणि पश्चिमेला आपण यूट्यूबवर त्याच नाटकांचे व्हिडीओ पाहतो. असं का?

माझ्या मते याचं एक कारण शेतात आहे. धानाचा मुलूख एकदम मोकळा होतो. सगळ्या गावाची कापणी-मळणी एकाच सुमाराला. आपल्याकडे तसं नाही. कापसाची वेचणी हिवाळाभर लांबते. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार, ज्याचा त्याचा सौदा वेगळ्या वेळी. एक शेतकरी मोकळा असतो तेव्हा दुसऱ्याच्या बागेत तोड सुरू असते. सगळ्या गावाला एकाच वेळी उसंत आणि हातात पैसा, असा महिना आपल्या कॅलेंडरमधे सापडत नाही. शिवाय रेल्वे आणि रस्ता यांनी आपल्याला लवकर नागपूरशी जोडलं. करमणूक म्हणजे शहरात जाणं, ही सवय लागली.

याचा अर्थ आपल्याकडे गाण्याची रात्र नव्हती असा नाही. खंजिरी घेऊन बसणारी भजन मंडळं आपल्या भागात आजही आहेत. तुकडोजी महाराजांचं मोझरी नदीपलीकडेच आहे. दंडार, खडी गंमत हे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांचे डोळे चमकतात की नाही पाहा. म्हणजे गाणं ऐकायला रात्र काढणारा प्रेक्षक इथे होता. त्याला बांधून ठेवणारा हंगाम आणि मंडळ तेवढं उभं राहिलं नाही.

आणि म्हणून मला वाटतं, मोठं नाटक नरखेडात का येत नाही असं विचारून उपयोग नाही. २०२३ साली मुंबईत अंबानींच्या नव्या सांस्कृतिक केंद्रात 'द साउंड ऑफ म्युझिक' हे ब्रॉडवेचं नाटक आलं, तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या की ब्रॉडवे भारतात आलं. छान झालं. पण ते आपल्या दाराशी यायचं नाही, कारण त्याचं गणित वेगळ्या शहरासाठी मांडलेलं आहे. किर्लोस्करांनी पारशी कंपनीची वाट पाहिली नाही. त्यांनी ती पद्धत पाहिली, आपल्या भाषेत आणली आणि आपल्या रेल्वेवर बसवली. झाडीपट्टीनेही मुंबईची वाट पाहिली नाही. आपल्या धानाच्या हंगामावर आपलं नाटक बसवलं.

आपला हंगाम कोणता? उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला शिकणारी पोरं घरी येतात तो? गणपती? गावची यात्रा? तालुक्यातल्या पाच-सात गावांच्या मंडळांनी मिळून झाडीपट्टीची एक कंपनी लागोपाठच्या रात्री आणली, तर खर्च वाटला जाईल का? कंपनीला दोनशे किलोमीटर यायचं भाडं एका गावाला परवडणार नाही, पाच गावांना कदाचित परवडेल. हे मी हवेत बोलत नाही. संगीत नाटकाच्या कंपन्या नेमकं हेच करायच्या, एका रेल्वेमार्गावरची गावं ओळीने घ्यायच्या.

या आठवड्याचं काम सांगतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: तुम्ही पाहिलेलं पहिलं गाण्याचं नाटक किंवा दंडार कोणती? कुठे झाली? कसे गेला, बंडीने की पायी? कोण गायचं? उजेडाला काय होतं, गॅसबत्ती की टेंभे? आणि हे मोबाईलवर रेकॉर्ड करा. 'फँटम'च्या प्रत्येक प्रयोगाची नोंद न्यू यॉर्कमधे आहे, म्हणून तेरा हजार नऊशे एक्क्याऐंशी हा आकडा आपण इतक्या ठामपणे सांगू शकतो. आपल्या गावातल्या गाणाऱ्यांची नोंद फक्त त्या म्हाताऱ्या डोक्यांत आहे, आणि ती डोकी दरवर्षी कमी होतायत. तुमचं रेकॉर्डिंग आम्हाला व्हॉईस नोट म्हणून पाठवा. चार-पाच चांगली आली तर त्यांच्यावरच एक अख्खा भाग करू.

तोपर्यंत इअरफोनचा आवाज बेताचा ठेवा, आणि रुळाच्या कडेने चालत असाल तर आधी तो काढा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!